मुरंब्याच्या बरण्या आणि बुरशीचं औषध



आजचा विषय घराघरात आहे आणि कुणाच्याच तोंडी नाही. अंगावरून दह्याच्या गाठींसारखं पांढरं जाणं, आणि त्याबरोबरची खाज, जी चारचौघांत सांगता येत नाही आणि सोसताही येत नाही. आपल्या आज्या अंगावरून जाण्याच्या सगळ्याच प्रकारांना धुपणी म्हणायच्या, वैद्य श्वेतप्रदर म्हणायचे. डॉक्टर आता त्यातल्या या प्रकाराला 'फंगल इन्फेक्शन' म्हणतात आणि चिठ्ठीवर औषध लिहून देतात. चार स्त्रियांपैकी तिघींना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, असा वैद्यकाचा अंदाज आहे. म्हणजे भिशीला बारा जणी जमल्या तर त्यातल्या नऊ जणी. आणि त्या नऊही जणींना वाटत असतं, हे फक्त आपल्यालाच.

त्या चिठ्ठीवरचं औषध आलं कुठून, हे मी मध्यंतरी वाचत बसले होते. मी कॉमर्सवाली, औषधशास्त्राशी माझा संबंध घरच्या गोळ्यांच्या डब्यापुरता. पण वाचता वाचता त्यात दोन बायका भेटल्या, त्यांच्यातली एक साठी ओलांडलेली, आणि मग मला ते सोडवेना.

आधी आजाराचं थोडं. ही बुरशी काही बाहेरून येऊन हल्ला करत नाही. ती बहुतेकांच्या अंगावर, तोंडात, आतड्यात, योनिमार्गात थोड्या प्रमाणात असतेच. तिला आवरून धरतात ते तिथलेच दुसरे जिवाणू, आपल्या दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद. ते आम्ल तयार करतात आणि बुरशी मर्यादेत राहते. हे संतुलन बिघडलं, म्हणजे गरोदरपण आलं, साखर वाढली, अँटिबायोटिकचा कोर्स झाला, की बुरशीचं फावतं. तान्ह्या बाळाच्या जिभेवर जो पांढरा थर येतो, ज्याला आपण दूध साचलं समजून पुसायला जातो आणि तो पुसून निघत नाही, तीही हीच बुरशी.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपातल्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बाळाच्या तोंडातली ही बुरशी पाहिली, आणि १८४९ मध्ये विल्किन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने स्त्रियांच्या योनिमार्गातल्या बुरशीची नोंद केली. त्यानंतर जो तो तिला आपल्या मनाने नाव देत गेला. एकाच माणसाची रेशनकार्डावर दहा नावं असावीत तसा गोंधळ झाला. तो निस्तरला तो क्रिस्तीन बेर्कहाउट या डच तरुणीने, १९२३ मध्ये, उत्रेख्त विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात. तिने या कुळाला कॅन्डिडा हे नाव दिलं. तिच्या मार्गदर्शक होत्या योहाना वेस्टरडाइक, नेदरलँड्समधल्या पहिल्या महिला प्राध्यापक. लॅटिनमध्ये कॅन्डिडा म्हणजे शुभ्र, आणि आपल्या या बुरशीचं पूर्ण नाव कॅन्डिडा अल्बिकन्स, त्यातलं अल्बिकन्स म्हणजे पांढरी होत जाणारी. आपल्याकडचं श्वेत आणि तिकडचं कॅन्डिडा, दोघांनाही आधी रंगच दिसला.

नाव मिळालं, पण औषध नव्हतं. जेन्शन व्हायोलेट लावायचे. आमच्या पिढीला ते 'जांभळं औषध' म्हणून चांगलं आठवत असेल, बाळाचं तोंड आलं की बोळ्याने लावायचं, आणि मग बाळ, दुपटं आणि आईचा पदर सगळंच जांभळं. तेच बायकांनाही आतून लावत असत. गुण येई, नाही असं नाही, पण कपड्यांवरचे डाग जात नसत आणि आग होई ती वेगळीच.

बुरशीवर औषध सापडायला इतका उशीर का झाला, याचं कारण मला फार पटलं. जिवाणूंची पेशी आपल्या पेशीपेक्षा खूपच वेगळी असते, त्यामुळे त्यांना लागेल आणि आपल्याला लागणार नाही असं औषध शोधणं त्या मानाने सोपं. बुरशी मात्र घडणीने आपल्याला जवळची आहे. जे तिला मारतं ते बहुधा आपल्यालाही मारतं. त्यात १९४० च्या दशकात पेनिसिलिन आणि पाठोपाठ इतर अँटिबायोटिकं आली. न्यूमोनियातून माणसं उठून बसू लागली, पण त्याच औषधांनी पहारा देणारे चांगले जिवाणूही मेले आणि बुरशीचे आजार वाढले. एका औषधाने दुसऱ्याची गरज निर्माण केली.

आता त्या दोघी.

एलिझाबेथ ली हेझन यांचा जन्म १८८५ चा, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातला. अगदी लहानपणीच आई-वडील दोघेही गेले, काका-काकूंनी वाढवलं. शिक्षण मुलींच्या सरकारी कॉलेजात झालं, मग शाळेत नोकरी केली, आणि पुढे न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात जाऊन त्यांनी १९२७ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. तेव्हा वय बेचाळीस. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत त्या लागल्या आणि बुरशी हा त्यांचा विषय झाला.

दुसऱ्या रेचेल फुलर ब्राऊन, जन्म १८९८. त्या शाळेत असताना वडील घर सोडून गेले आणि आई नोकरी करून घर चालवू लागली. मुलगी हुशार, पण कॉलेजचे पैसे आणायचे कुठून? आजीच्या ओळखीतल्या एका श्रीमंत बाईने, हेन्रिएटा डेक्स्टर त्यांचं नाव, माउंट होल्योक कॉलेजचा खर्च उचलला. तिथे ब्राऊन गेल्या इतिहास शिकायला. विज्ञानाचा एखादा विषय घ्यावाच लागे म्हणून रसायनशास्त्र घेतलं आणि त्यातच रमल्या. पुढे शिकागोला संशोधन केलं, प्रबंधही दिला, पण तोंडी परीक्षा लांबली आणि हातातले पैसे संपले. तेव्हा १९२६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला, त्याच आरोग्य खात्यात नोकरी धरली. ती राहिलेली तोंडी परीक्षा सात वर्षांनी झाली आणि तेव्हा पदवी मिळाली.

१९४८ मध्ये या दोघींना एकत्र काम दिलं गेलं. हेझनबाई न्यूयॉर्क शहरात, ब्राऊनबाई ऑल्बनीला, मध्ये जवळपास अडीचशे किलोमीटर. काम असं होतं. मातीत असंख्य सूक्ष्मजीव असतात आणि एकमेकांना दूर ठेवण्यासाठी ते रसायनं सोडतात. स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जीवापासूनच मिळालं होतं. मग बुरशीला मारणारं काही मातीत असेल का? हेझनबाई ठिकठिकाणची माती मिळवून त्यातले जीव वाढवायच्या आणि दोन बुरश्यांवर त्यांची परीक्षा घ्यायच्या. त्यातली एक आपली ही कॅन्डिडा. काही आशा दिसली की ते सगळं मुरंबे भरायच्या झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून पोस्टाने ऑल्बनीला. ब्राऊनबाई त्यातून नेमकं काम करणारं द्रव्य वेगळं काढायच्या, परत पोस्टाने शहरात. हेझनबाई ते पुन्हा तपासायच्या, मग उंदरांवर बघायच्या.

हा उंदरांचा भाग मी वगळणार नाही. आपल्यासारख्यांना तो वाचताना टोचतो, मलाही टोचला. बुरशी मारणारी बहुतेक द्रव्यं उंदरांनाही मारत होती, आणि प्रत्येक वेळी ती बरणी बाद होऊन काम पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. आपण जी गोळी निर्धास्तपणे घेतो, तिच्यामागे हेही आहे.

त्याच वर्षी हेझनबाई सुट्टीत व्हर्जिनिया राज्यात आपल्या मित्रांच्या शेतावर गेल्या होत्या. नोर्स हे त्या कुटुंबाचं आडनाव. तिथल्या गाईंच्या गोठ्याजवळची थोडी माती त्यांनी बरोबर आणली. मला या बाईंचं कौतुक वाटतं ते इथे. आपण सुट्टीवर गेलो की तिथलं लोणचं आणि पापड आणतो, या माती घेऊन आल्या. त्या मातीतला एक जीव दोन द्रव्यं तयार करत होता. एक विषारी निघालं. दुसरं मात्र बुरशीला मारत होतं आणि प्राण्यांना फारसं अपायकारक नव्हतं. त्या जीवाला यजमानांच्या आडनावावरून स्ट्रेप्टोमायसिस नोर्साय नाव दिलं. औषधाला आधी फंगिसिडिन म्हटलं, पण ते नाव आधीच कुणी वापरलेलं निघालं, म्हणून न्यूयॉर्क स्टेटवरून निस्टॅटिन. शोध १९५० मध्ये जाहीर झाला. स्क्विब कंपनीने गोळ्या बनवल्या आणि १९५४ मध्ये अमेरिकन सरकारने परवानगी दिली. माणसाला सुरक्षितपणे देता येईल असं बुरशीवरचं पहिलं अँटिबायोटिक म्हणून ते ओळखलं जातं.

ते काम कसं करतं? आपल्या पेशीच्या पातळ पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पडद्यात त्याच्याजागी एर्गोस्टेरॉल. निस्टॅटिन त्या एर्गोस्टेरॉलला चिकटतं आणि पडद्याला भोकं पाडतं. आतलं बाहेर गळतं आणि बुरशी मरते. पोटात घेतलं तर ते रक्तात जवळजवळ उतरतच नाही, जिथे लागेल तिथेच काम करतं. म्हणून तोंडासाठी थेंब, योनिमार्गासाठी आत ठेवायची गोळी.

आता माझ्या आवडीचा भाग, हिशेबाचा. १९५७ मध्ये दोघींच्या नावे पेटंट मिळालं. ते त्यांनी रिसर्च कॉर्पोरेशन या ना-नफा संस्थेकडे सोपवलं होतं. पेटंट संपेपर्यंत जमलेली रॉयल्टी १ कोटी ३४ लाख डॉलर. त्या काळातले डॉलर, हे लक्षात घ्या. दोघींनी स्वतःसाठी त्यातलं काही घेतलं नाही, खात्याच्या पगारावरच राहिल्या. निम्मी रक्कम त्या संस्थेमार्फत विज्ञानाच्या संशोधनाला गेली. उरलेल्या ६७ लाखांचा ब्राऊन-हेझन फंड झाला, त्यातून बुरशीशास्त्राचं शिक्षण आणि विज्ञान शिकणाऱ्या स्त्रियांना मदत झाली. परिग्रह-परिमाणावर आपण व्याख्यानं ऐकतो. या दोघींना तो शब्द माहीत असण्याचं कारण नव्हतं.

निस्टॅटिन नंतर भलत्याच ठिकाणीही कामाला आलं. १९६६ मध्ये इटलीत फ्लोरेन्सला महापूर आला, शेकडो वर्षांची चित्रं भिजली आणि त्यांवर बुरशी चढू लागली. ती आवरायला हेच औषध फवारलं. एल्म नावाच्या झाडांना लागणाऱ्या बुरशीवरही वापरून पाहिलं. गंमत म्हणजे त्या झाडांच्या रोगाचं मूळ शोधलं ते वेस्टरडाइकबाईंच्याच प्रयोगशाळेतल्या एका मुलीने, बेआ श्वार्ट्झने, १९२२ मध्ये. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या रसायनतज्ज्ञांच्या संस्थेने हेझन आणि ब्राऊन यांना मानाचा पुरस्कार दिला, तो मिळणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया. हेझनबाई त्याच वर्षी गेल्या, ब्राऊनबाई १९८० मध्ये.

आपल्या पिंपरीचाही या गोष्टीत वाटा आहे, हे मला माहीत नव्हतं. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना सुरू झाला, मुख्यतः पेनिसिलिनसाठी. त्याच्या संशोधन विभागात तिरुमलाचार यांनी १९६० च्या सुमारास निस्टॅटिनच्याच गोत्रातलं एक औषध शोधलं. कारखान्याच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव ठेवलं हॅमायसिन आणि ज्या जीवापासून ते मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. म्हणजे आपलं पिंपरी लॅटिनमध्ये जाऊन बसलं. तोंड येणं, कानातली बुरशी आणि बायकांचा हा त्रास, तिन्हींसाठी ते वापरलं जाई. आज ते नाव फारसं ऐकू येत नाही.

कारण पुढे प्रयोगशाळेत बनवलेली औषधं आली. जर्मनीत बायर कंपनीने क्लोट्रिमॅझोल तयार केलं, ते १९७३ मध्ये बाजारात आलं. हे पडद्याला भोकं पाडत बसत नाही, बुरशीला एर्गोस्टेरॉल बनवूच देत नाही. मग इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या सँडविच गावी, हो, गावाचं नावच सँडविच, फायझर कंपनीत केन रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लुकोनॅझोल शोधलं. १९८८ मध्ये ते ब्रिटनमध्ये मिळू लागलं. त्याची १५० मिलिग्रॅमची एकच गोळी तोंडाने घ्यायची की झालं. चौदा रात्री गोळ्या ठेवण्यापासून सहा, तीन, एक, आणि शेवटी पाण्याबरोबर एक गोळी, एवढा प्रवास चाळीस वर्षांत झाला.

माझ्या आत्याच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. औषधं होती, तालुक्याच्या गावीही मिळत होती. पण ती सांगणार कुणाला? वर्षानुवर्षं तुरटीच्या पाण्याने धुवायची, कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यात बसायची. देवळात अभिषेकाच्या वेळी मागे उभी राहायची, पुढे यायची नाही. आम्हाला वाटायचं तिला गर्दी आवडत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा साखर तीनशेच्या वर निघाली. साखर आटोक्यात आली आणि जोडीला आत ठेवायच्या सहा गोळ्या दिल्या, तशी खाज गेली. ती मला म्हणाली, "एवढंच होतं होय गं?" तेव्हा ती सत्तर वर्षांची होती.

म्हणून साठीच्या आसपासच्या मैत्रिणींसाठी हे नीट लिहिते. या बुरशीला स्त्री-संप्रेरक मानवतं, त्यामुळे पाळी गेल्यावर हा त्रास खरं तर कमी व्हायला हवा. त्या वयात तो नव्याने सुरू झाला, किंवा वर्षातून तीन-चार वेळा होऊ लागला, तर आधी साखर तपासायची. साखरेवरची नवी औषधं, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असतं, ती जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. २०२० मध्ये त्यातल्या डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडे संपलं आणि ते स्वस्त झालं, घरोघर पोचलं. औषध चांगलं आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडाला राखतं, पण साखर जिथून बाहेर पडते तिथे बुरशीला मेजवानी मिळते. हा त्याचा माहीत असलेला परिणाम आहे. ते आपल्या मनाने बंद करायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं.

आणि प्रत्येक खाज बुरशीची नसते. पाळी गेल्यावरच्या कोरडेपणाने खाज येते, जिवाणूंनी येते, त्वचेच्या वेगळ्या आजारानेही येते. माशांसारखा वास, हिरवट-पिवळा रंग, ओटीपोटात दुखणं, ताप, किंवा पाळी गेल्यावर रक्ताचा डाग, यातलं काहीही असेल तर बुरशीचं औषध घेऊन वाट बघायची नाही, डॉक्टरांकडेच जायचं. दुकानातून 'खाजेचं मलम' आणणं हा तर आपला राष्ट्रीय छंद. त्यातल्या कित्येक मलमांत बुरशीच्या औषधात स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग बुरशी आणखी पसरते.

ती एक गोळीही सरसकट सगळ्यांची नाही. फ्लुकोनॅझोलमुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा आणि ग्लिमेपिराइडसारख्या साखरेच्या गोळ्यांचा जोर वाढतो. अशा गोळ्या चालू असतील तर आधी सांगायला हवं. सुना-लेकी गरोदर असतील तर तोंडाने घ्यायची गोळी टाळतात, आत ठेवायच्या गोळ्या किंवा क्रीम सात दिवस देतात.

मागच्या चातुर्मासात एका मैत्रिणीने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, यात जिलेटिन असतं का? मऊ, चकचकीत कॅप्सूलच्या वेष्टनात बहुधा असतं, आणि ते प्राण्यांपासून येतं. हेच औषध साध्या दाबून केलेल्या गोळीत आणि क्रीममध्येही मिळतं. चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांना "कॅप्सूल नको, गोळी द्या" एवढं सांगितलं की पुरतं. तिने सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी बोलला असतात तर आधीच बदलून दिली असती.